‘काही होत नाही, साहेब’

चार्जरच्या पडद्यावर ८.९ व्होल्ट दिसत होते. टू-एस, म्हणजे दोन सेलची, लायपो बॅटरी ८.४ व्होल्टला पूर्ण भरते, हे प्रस्तुत लेखकाला तोंडपाठ होते. तेवढ्यात नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. पुतण्याच्या नव्या रिमोट कारची ती बॅटरी उशीसारखी फुगली होती. वरची ओळ तेव्हा कुठे नजरेत आली: मोड लायपोचा नव्हता, निकेल-मेटल हायड्राइडचा होता.

ते सेटिंग लेखकाने केलेले नव्हते. दुकानदाराने आपल्या हाताने लावून दिले आणि सांगितले, “आता फक्त बटण दाबायचं.” चूक साधी वाटते, पण तीच सर्वांत घातक. निकेल बॅटरी भरली की तिचा व्होल्टेज किंचित खाली येतो आणि तो उतार पाहून चार्जर थांबतो. लायपोत तो उतार येतच नाही. चार्जर वाट बघत राहतो, वीज आत ढकलत राहतो, आणि ४.२ व्होल्टची मर्यादा ओलांडलेला सेल आतून वायू सोडू लागतो.

लेखकाने आधी चार्जरचा प्लग काढला, बॅटरी सांडशीने उचलून वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि घमेले अंगणात नेले. आग लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात ऐकावे लागले, “तुम्ही रात्रभर लावून ठेवली असणार.” पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये होता. ५ ॲम्पियर, ४१ मिनिटे, सुमारे ३,४०० एमएएच. ५,००० एमएएचची ती बॅटरी आधीच निम्मी भरलेली होती. हिशेब तिथल्या तिथे करून दाखवला. दुकानदाराने फोटोकडे पाहिलेही नाही. वर म्हणाला, “लायपो थोडी फुगतेच. वापरा, काही होत नाही, साहेब.” पैसे परत मिळाले नाहीत, याचा राग ओसरेल. फुगलेली बॅटरी लहान मुलाच्या हातात परत द्यायला सांगितले, तो राग ओसरणारा नाही.

म्हणून हे सांगायचे. बॅलन्सची पांढरी छोटी पिन जोडल्याशिवाय लायपो चार्ज करू नये. त्या पिनेमुळेच चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसतो. वेग १सी ठेवावा, म्हणजे ५,००० एमएएचला ५ ॲम्पियर. तासाभरात काम होते. त्याहून घाई असेल तर ॲम्पियर वाढवण्यापेक्षा दुसरी बॅटरी घ्यावी. खोक्यावरच्या ‘१० ॲम्पियर’ला भुलू नये, वॅट बघावेत: ५० वॅटचा चार्जर थ्री-एसला शेवटी १२.६ व्होल्टवर जेमतेम ४ ॲम्पियर देतो. कार पळवून आणल्यावर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत चार्जिंगला लावू नये. आठवडाभर खेळायचे नसेल तर स्टोरेज मोडवर, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. चार्जिंग फरशीवर करावे, गादीवर किंवा पडद्याजवळ नाही, आणि घरात कोणी जागे असतानाच.

फुगलेली बॅटरी ई-कचऱ्यातच द्यावी, घंटागाडीत नव्हे.

आणि नवा चार्जर घेताना, तुमच्याच बॅटरीवर, पडद्यावर ‘लायपो’, तिच्या सेलची संख्या आणि तिच्या १सीचे ॲम्पियर या तिन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.