वडिलांची पलटण शोधायची कुठून?

प्रश्न : माझे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. इटलीत बर्फात लढलो, एवढंच सांगत. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही. डिस्चार्ज बुक वाळवीनं खाल्लं. पाच पदकं तेवढी उरली आहेत. त्यांची नोंद आता कुठे मिळेल? विलायतेला पत्र लिहावं का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : विलायतेला लिहायची घाई करू नका. ब्रिटनच्या सरकारकडची सेवापत्रकं ब्रिटिश सैन्याची आहेत. हिंदी शिपायांचे कागद इथेच, ज्या त्या रेजिमेंटकडे राहिले.

आधी भिंग घेऊन पदकं पाहा. त्या युद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते : गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. (ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात.) यातला नंबर नावापेक्षा मोलाचा. सातारा जिल्ह्यात एकाच नावाचे किती शिंदे आणि पवार भरती झाले असतील याचा विचार करा, आणि त्यात इंग्रजी कारकुनानं ऐकू येईल तसं लिहिलेलं स्पेलिंग!

आता तारे पाहा. इटली स्टार असणारच. सोबत आफ्रिका स्टारही निघाला, तर मी आधी ३/५ पलटणीकडे पाहीन. हा अपूर्णांक नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, असं ते वाचायचं. ही पलटण १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली आणि १९४४ मध्ये दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली. त्याच वर्षी १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही ३/५ चेच. १/५ मात्र आठव्या डिव्हिजनमध्ये होती. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव हे त्या पलटणीचे. पण ताऱ्यांवरून शिक्कामोर्तब करू नका. माणसं एका पलटणीतून दुसरीत जात. बर्फावरूनही ठरत नाही, कारण १९४४-४५ च्या हिवाळ्यात दोन्ही डिव्हिजन अपेनाइन पर्वतात होत्या.

मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नंबर, पूर्ण नाव, गाव, तालुका, भरतीचं अंदाजे साल लिहा, नातं दाखवणारा कागद जोडा. पेन्शन मिळत असली तर पी.पी.ओ. (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर जरूर द्या, जुना कागद बहुतेक त्याच धाग्यानं सापडतो. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही पाठवता येतो. मात्र उत्तरात गोष्ट मिळेल अशी आशा धरू नका. भरती, बदल्या, बढत्या, डिस्चार्जची तारीख, फार तर वागणुकीचा एक शेरा, एवढ्यावर पुष्कळांची बोळवण होते. त्यातली बटालियन आणि तारखा मिळाल्या, तरी माझ्या मते काम झालं.

कारण खरी हकीगत पलटणीच्या युद्धरोजनिशीत आहे. प्रत्येक बटालियनला ती रोज लिहावी लागे : मुक्काम कुठे, नदी कधी ओलांडली, तोफमारा किती, पडले किती, जखमी किती. शिपायाचं नाव तिच्यात क्वचितच येतं, नावं साहेबांची. पण वडील ज्या आठवड्यात तिथे होते, तो आठवडा जसाच्या तसा समोर येतो. या रोजनिश्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. इटली, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतल्या रोजनिश्या डब्ल्यूओ १६९ आणि १७० या दोन्ही मालिकांत शोधा. शौर्यपदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये. विलायतेचा उपयोग होतो तो इथे. तिथे शिकणारं कुणी भाचरू असेल तर त्याला पाठवा. वाचनकक्षात फुकट बसता येतं आणि आपल्या फोननं फोटो काढायलाही पैसे पडत नाहीत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत वडिलांचं नाव नाही म्हणून खट्टू होऊ नका. ती यादी मृतांची. ते घरी परतले. त्यांच्याबरोबर गेलेला गावातला कुणी परतला नसेल, तर त्याचं नाव मात्र तिथे जरूर शोधा. पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं.

आणि पदकांवर दुसरीच रेजिमेंट निघाली तर? घरची माणसं सगळ्याच फौजेला 'मराठा पलटण' म्हणत. तसं असेल तर बेळगावला लिहून उपयोग नाही : बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, महार रेजिमेंटसाठी सागर.