पेशींचे मार्गदर्शक आणि विषाणूचे दार

अहवालातील जमाखर्चाच्या पानांबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची सुगम ओळख व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. विषय वरकरणी दुर्बोध वाटला, तरी आपल्या औद्योगिक परिसराशी त्याचा निकटचा संबंध आहे.

चाकणच्या वाहन कारखान्यात प्रत्येक सुटा भाग योग्य वेळी योग्य जागी पोहोचावा लागतो. शरीरातील पेशींचेही तसेच आहे. त्यांना दिशा दाखविणाऱ्या सूक्ष्म प्रथिनांना केमोकाइन म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावर राहून तो संदेश स्वीकारणारी प्रथिने म्हणजे केमोकाइन ग्राही अथवा रिसेप्टर. मानवात असे सुमारे वीस ग्राही आहेत. जखम होताच पांढऱ्या पेशी नेमक्या तेथे धावतात, त्या यांच्याच आधारे.

हे कार्य जन्मापूर्वीच सुरू होते. सीएक्ससीआर-४ हा ग्राही नसलेल्या उंदरांवरील अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हृदय, लहान मेंदू व अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती सदोष आढळली आणि पिले जगू शकली नाहीत.

परंतु शरीराला आवश्यक असलेल्या याच दारातून एचआयव्हीही पेशीत शिरतो, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. सीडी-४ या रेणूला चिकटल्यावर विषाणूला सीसीआर-५ अथवा सीएक्ससीआर-४ या ग्राहीची जोड लागते. भारतात प्रामुख्याने आढळणारा ‘सी’ उपप्रकार बहुधा सीसीआर-५चा वापर करतो. उत्तर युरोपातील सुमारे एक टक्का लोकांत सीसीआर-५ जन्मतःच निकामी असतो; त्यांना ही बाधा सहसा होत नाही. टिमोथी रे ब्राऊन या एचआयव्हीबाधित रुग्णास रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा २००७ मध्ये बर्लिन येथे अशाच एका दात्याच्या मूलपेशींचे रोपण करण्यात आले. एचआयव्ही पुन्हा उद्भवला नाही. २०२० मध्ये कर्करोग उलटून त्यांचे निधन झाले. सीसीआर-५चे दार अडविणारे मॅराव्हिरॉक हे औषधही २००७ मध्येच अमेरिकेत मान्य झाले.

भारतीयांत हा जन्मजात बदल अत्यंत विरळा आहे आणि मूलपेशी-रोपण जोखमीचे असते. म्हणून आपल्याकडे खरी ढाल म्हणजे वेळीच तपासणी व नियमित औषधे. आपल्याच भोसरीत १९९२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांतील दांपत्यांच्या एका मोठ्या अभ्यासात सहभागी होती. बाधित जोडीदाराने लवकर उपचार घेतल्यास दुसऱ्यास होणारा संसर्ग नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो, हे त्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखविले.

ही औषधे २००४ पासून शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळू लागली. केवळ या आजारावरून नोकरीत भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही लोकलज्जेने व नोकरी जाण्याच्या भीतीने अनेकांचे पाऊल तपासणीपर्यंत पोहोचत नाही. ही भीती दूर करण्यास पैसा लागत नाही. घरातील माणसाचा व कारखान्यातील सहकाऱ्याचा आधार लागतो. तो आपण सर्वांनी द्यावा, ही नम्र विनंती.