शंका-समाधान : मातीखालच्या सापांची पिल्लं

पेरणीपूर्व मशागत सुरू झाली की सातारा-सांगलीकडच्या पत्रांत मातीखाली राहणाऱ्या सापांचे प्रश्न वाढतात. त्यांच्या प्रजननाविषयीच्या तीन पत्रांना या वेळी उत्तरं देत आहे.

प्रश्न : नांगरटीत जाडजूड मांडूळ निघालं. ते सहा महिने एका तोंडानं आणि सहा महिने दुसऱ्या तोंडानं चालतं म्हणतात. ते अंडी घालतं का? त्याचे लाखो रुपये मिळतात, हे खरं का? आम्ही ते बांधावर सोडलं, योग्य केलं ना?
– शेतकरी वाचक, आटपाडी

उत्तर : अगदी योग्य केलंत. मांडुळाला तोंड एकच असतं. दुसरं टोक म्हणजे आखूड, बोथट शेपूट. धोका जाणवला की ते डोकं वेटोळ्यात दडवतं आणि शेपूट पुढे करतं. घाव शेपटीवर निभावला तर जीव वाचतो.

आपलं मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतं. गर्भ मादीच्या पोटात पातळ आवरणात वाढतात. त्यांना अन्न बलकातून मिळतं. पाणी आणि प्राणवायू आईकडून. पावसाळ्याच्या सुमारास बहुधा सहा ते आठ पिल्लं जन्मतात. माणदेशातल्या तापत्या जमिनीत याचा मोठा फायदा होतो. ऊन वाढलं की मादी उंदराच्या बिळात खोल जाते, गारवा आला की वर सरकते आणि गर्भाला मानवेल अशी ऊब मिळवून देते. मांडुळाच्या सगळ्याच भाऊबंदांची रीत मात्र अशी नाही. मस्कतला वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. आत्माराम सदाशिव जयकर यांचं नाव १८८८ साली अरबस्तानातल्या एका मांडुळाला दिलं गेलं. ‘एरिक्स जयकरी’ ही ती जात अंडी घालते.

आता लाखो रुपयांविषयी. मांडूळ गुप्तधन दाखवत नाही आणि कोणताही आजार बरा करत नाही. या अफवांवर फक्त तस्करांचं पोट भरतं. ते वजनावर भाव सांगतात, म्हणून जड मांडुळांवर त्यांचा डोळा असतो. या जातीत माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात. म्हणजे जे सर्वांत जड, ती बहुधा पिल्लं देणारी मादी! ऐन उन्हाळ्यात तिला उचललं तर पोटातली पिढीही तिच्यासोबत जाते. हा माझ्या दृष्टीनं या व्यापारातला सर्वांत क्रूर भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. कुणी भाव विचारत आला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : कुंडीतली माती बदलताना गांडुळासारखे काळे, चकचकीत जीव निघाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, हा कानात शिरणारा साप आहे. एकाच कुंडीत इतके कसे?
– वाचक, सांगली

उत्तर : हा वाळा, आपला सर्वांत लहान साप. अंगावर गांडुळासारखी वलयं नसून गुळगुळीत खवले असतात आणि बारीक जीभ आतबाहेर होत राहते. तो बिनविषारी आहे. मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खातो, कानात शिरत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर विलक्षण आहे. वाळ्याच्या या जातीत सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय मादी मोजकी, लांबट, जेमतेम सेंटिमीटरभर अंडी घालते आणि त्यांतूनही माद्याच बाहेर येतात. यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. एकटी वाळी कुंडीतून बोटीवर चढली तरी पलीकडच्या किनाऱ्यावर नवं कुळ उभं राहतं. अशा प्रवासातूनच ही जात आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली. याची किंमतही आहे. आई-मुलींचा आनुवंशिक साचा जवळजवळ एकच राहतो, त्यामुळे एखादा नवा रोग एकीला भारी पडला तर सगळ्यांनाच पडू शकतो.

प्रश्न : पावसात आमच्या रस्त्यावर शेपूट कापल्यासारखा साप येतो. कुणी त्याला जखमी केलेलं असतं का? त्याची अंडी कुठे असतात?
– शिक्षिका, महाबळेश्वर

उत्तर : ती जखम नाही, जन्मजात ढाल आहे. हा खापरखवल्या. शेपटीच्या टोकावरच्या खरबरीत खवल्यांना माती चिकटते आणि बिळाचं तोंड बंद होतं. या सापांचं कुळ जगात फक्त भारत आणि श्रीलंकेत आढळतं. महाबळेश्वरच्या खापरखवल्याचं वर्णन व्ही. के. चारी यांनी १९५५ साली केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात तुमच्या गावाचंच नाव आहे.

अंडी तुम्हाला सापडणार नाहीत, कारण हेही साप पिल्लांनाच जन्म देतात, साधारण तीन ते आठ. महिनोन्‌महिने भिजणाऱ्या थंड मातीत उघडी अंडी टिकणं अवघड. आईच्या पोटात ती जोखीम टळते. मात्र पिल्लं मोजकी असल्यामुळे रस्त्यावर चिरडलेली एक गाभण मादीही मोठं नुकसान ठरते. वर्गातल्या मुलांना एवढं जरूर सांगा: तो चावत सुटणारा साप नाही, गांडुळं खाणारा आहे. पावसात दिसला की वाहनं थांबवून त्याला रस्ता ओलांडू द्यावा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना साप पकडू नका. लांबून घेतलेलं छायाचित्र, गावाचं नाव आणि तारीख पुरेशी आहे.