पिल्लाआधी त्याची आई बघ

सातारा

चि. अनिकेत यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. बीगलचं पिल्लू गोजिरवाणं आहे, आणि तुझ्या लेकीने, रेवाने ते पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नसेल हेही समजतं. 'पस्तीस दिवसांचं आहे, पेपरवालं आहे, ॲडव्हान्स पाठवा, रविवारी वाकडच्या पुलाखाली आणून देतो' असं तो माणूस म्हणतो आणि तू विचारतोस, मावशी, घेऊ का? नको घेऊस. ॲडव्हान्सही पाठवू नकोस.

त्याला फोन करून एवढंच विचार: 'पिल्लाची आई बघायला कधी येऊ?' उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगते. आई गावाकडच्या फार्मवर आहे, पार्टनरकडे आहे, अनोळखी माणसाला चावते, हवं तर व्हिडिओ पाठवतो. अरे, पस्तीस दिवसांचं पिल्लू अजून आईच्या अंगावर पितं. पिल्लू पुण्यात आणि आई भलतीकडेच, याचा अर्थ एक तर ते दलालांच्या हातून फिरत इथवर आलंय, नाहीतर आईला जिथे ठेवलंय ती जागा दाखवण्यासारखी नाही. कधीकधी तर पिल्लूच नसतं. नुसता फोटो असतो आणि पैसे गेले की फोन बंद होतो. पण ही फसवणूक मला तितकीशी टोचत नाही, त्यात बुडतात ते पैसेच. टोचतं ते त्या आईचं.

पशुवैद्य म्हणून या आया मी टेबलावर पाहिल्या आहेत. पिल्लं विकून झाल्यावर, ताप उतरत नाही म्हणून किंवा नुसतीच पडून आहे म्हणून त्यांना दवाखान्यात आणतात. सडं लोंबलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, केस झडलेले, उभ्याने थरथरणाऱ्या. दूध पाजता पाजता रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि कुत्रीला झटके येतात. शिरेतून कॅल्शियम दिलं की डोळ्यांदेखत शांत होते. मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: 'परत माजावर कधी येईल?' श्वान प्रजननाचे नियम २०१७ साली आले. कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत तिला भरवायचं नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही, आठ वर्षांपुढे तर नाहीच, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, हेही आहे. पण वाकडच्या पुलाखाली मोटारसायकलवरून खोक्यात येणाऱ्या पिल्लाला कोण विचारणार, तुझ्या आईचं हे कितवं वेत? विचारणारा एकच असू शकतो, ज्याच्या खिशात पैसे आहेत तो. म्हणून तुला आग्रहाने लिहिते आहे.

आता पिल्लाचं. त्याच नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि त्यामागे कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी दंगा करताना पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, आईही वेळेवर दटावते. ही शिकवण चुकलेलं कुत्रं मोठेपणीही जोरात चावू शकतं, आणि तुमच्या घरात रेवा आहे. दुसरी गोष्ट पार्व्होची. या विषाणूची लागण झाल्यावर साधारण आठवडाभर, कधी दोन आठवडेही, काही दिसत नाही. म्हणजे तुझ्या हातात देताना पिल्लू शेपूट हलवत असतं, आणि घरी चार दिवस झाले की उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. कोवळं, लस न झालेलं पिल्लू त्यातून बरेचदा वाचत नाही. विकणारा म्हणतो, आमच्याकडे ठणठणीत होतं, तुम्हीच काहीतरी खायला घातलं. शिवाय तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे लगेच दुसरं पिल्लूही आणता येत नाही. पोराने पहिल्यांदाच जीव लावलेलं पिल्लू सलाईनला लटकलेलं बघणं काय असतं, ते मी तुला लिहून सांगू शकणार नाही.

'लस झालीय' या शब्दावर जाऊ नकोस. कार्ड माग. त्यावर लशीच्या बाटलीचं सोलून चिकटवलेलं लेबल, तारीख, आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक हवा. नुसतं निळ्या पेनाने लिहिलेलं असेल तर ते मी लस म्हणून धरत नाही. आणि 'पेपर' म्हणजे केनेल क्लबची वंशावळ. पिल्लाचे आईबाप कोण, एवढंच ती सांगते, पिल्लू निरोगी आहे की नाही हे सांगत नाही. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेणार असशील तर दोन्ही आईबापांच्या खुब्यांचे, दोन वर्षांनंतर काढलेले एक्सरे विचार. फार थोड्यांकडे असतील. पण ज्याच्याकडे असतील तो ते अभिमानाने काढून दाखवेल.

चांगले ब्रीडर असतात, नसतात असं नाही. त्यांची खूण ही की तेच तुझी उलटतपासणी घेतात. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर घरी कोण, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? वेत वर्षातून एखादंच, कधी तेही नाही, त्यामुळे वाट पाहायला लावतात. आई घरातच असते; तुम्ही गेलात की येऊन हुंगते. आणि पुढे कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं मलाच परत द्या, असं ते लेखी घेतात. असा माणूस भेटला तर सहा महिने थांब. रेवाचा हट्ट सहा महिने टिकला तर तो हट्ट नव्हे, ओढ आहे असं मी समजेन.

दुकानातल्या पिंजऱ्यातलं केविलवाणं पिल्लू पाहून 'निदान या एकाला तरी सोडवू' असं तुझ्या बायकोला वाटेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे, आणि तो चांगलाच आहे. पण तो पिंजरा चार दिवसांत पुन्हा भरतो, आणि तो भरण्यासाठी तीच कुत्री पुन्हा भरवली जाते. दया आली तर नोंदणीचं प्रमाणपत्र विचारा, ते नसेल तर तक्रार करा. २०१८ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांनाही नोंदणी सक्तीची आहे.

बीगलच का, हेही एकदा घरात बोला. ही जात सशाच्या मागावर टोळीने धावण्यासाठी माणसाने घडवली. नाक जमिनीला लागलं की हाक ऐकू येत नाही, आणि एकटं पडलं की गळा काढून रडतं. तुम्ही दोघं साडेनऊला बाहेर पडता, रेवा तीनला घरी येते. सातव्या मजल्यावर रोज साडेपाच तास रडणारं कुत्रं शेजाऱ्यांना नको होईल, आणि मग वर्षभरात 'चांगलं घर हवंय' अशी जाहिरात तूच टाकशील. २००३ साली टीव्हीवरच्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले, त्यांतले कितीतरी दर उन्हाळ्यात घोरत, धापा टाकत माझ्याकडे यायचे. हस्कीचं तर बोलूच नये. पुण्याच्या एप्रिलमध्ये अंगावर दुहेरी लोकर घेऊन जगणं म्हणजे शिक्षाच.

तुमच्या घराचं वेळापत्रक पाहता मी सांगेन, दोन-तीन वर्षांचं, वाढ झालेलं कुत्रं दत्तक घ्या. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, ते तुम्हाला जमणार नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, उंची-वजन ठरलेलं असतं, लसी आणि नसबंदी बहुधा झालेली असते. आणि त्यांत नुसती गावठीच असतात असं समजू नकोस. बदली झाली, बाळ झालं, आजोबा गेले, म्हणून सोडून दिलेले लॅब्रॅडॉर, पग, बीगलसुद्धा असतात. पाळलेलं कुत्रं रस्त्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये! आजही तेवढाच. या आकड्याचा मला संताप येतो.

पुण्यात प्राण्यांची सुटका आणि उपचार करणाऱ्या संस्था आहेत, कुत्री तात्पुरती घरी सांभाळणारी माणसं आहेत. जिथे जाशील तिथेही डोळे उघडे ठेव. चांगली संस्था घर बघायला येते, फॉर्म भरून घेते, कुत्र्याची खोड लपवत नाही. 'फटाक्यांना घाबरतो', 'मांजरांबरोबर नको' असं आपणहून सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेव. आणि दत्तकाच्या नावाखाली भरमसाट पैसे मागून दर आठवड्याला नवी जातिवंत पिल्लं दाखवणारा कोणी भेटला, तर तो विक्रेताच आहे.

सोसायटीच्या मागच्या गल्लीत व्यालेली कुत्री आहे, तिचंच एक आणावं का, असंही तू मागे विचारलं होतंस. सुरुवातीचे महिने दिवसा कोणी घरी राहणार असेल, तर जरूर आण. आमची गावठी कुत्री काटक, हुशार, इथल्याच हवेत मुरलेली. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होते तेव्हापासून माझं त्यांच्याबद्दलचं मत बदललेलं नाही. मात्र आठ आठवडे झाल्याशिवाय उचलू नकोस. तोवर आईला न घाबरवता, शांतपणे खायला घाल, म्हणजे ती तुमच्या हाताला सरावेल. पिल्लाचं दूध तुटलं की महापालिकेला किंवा संस्थेला कळवून त्या आईची नसबंदी आणि रेबीजची लस करून घे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे तिला शस्त्रक्रियेनंतर त्याच गल्लीत परत सोडतात. एक पिल्लू घरात आणायचं आणि सहा महिन्यांनी तिने पुन्हा सहा घालायची, चार गाड्यांखाली जायची, हे बरोबर नाही. पिल्लू घेणाऱ्याने आईचं एवढं तरी करावं.

तुझ्या बाबांना कारवानी हवाय हे मला ठाऊक आहे. लातूरकडची ती कुत्री मलाही प्रिय. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी या जातीला इतकं वर आणलं की थेट इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली. २००५ मध्ये 'मुधोळ हाउंड' या नावाने तिचं टपाल तिकीटही निघालं. पण तो उघड्या माळावर ससा गाठणारा प्राणी. त्याला फ्लॅटमध्ये कोंडू नका. त्यांना म्हणावं, निवृत्तीनंतर शेतावर राहायला जाल तेव्हा मी स्वतः शोधून देईन.

सोसायटीच्या सेक्रेटरीची फार काळजी करू नकोस. ठराव करून पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने कळवलेलं आहे. महापालिकेचा परवाना मात्र काढ आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवू नकोस. फिरायला नेताना पिशवी बरोबर ठेवलीस की निम्मी भांडणं होतच नाहीत.

कुत्रं बघायला जाशील तेव्हा रेवाला बरोबर ने, पण तिला त्याच्या अंगावर जाऊ देऊ नकोस. जमिनीवर बसा, कुत्र्याला आपणहून येऊ दे. एकदा नाही, दोनदा जा. एकदा त्याला बाहेर फिरवून आण आणि वाहनांच्या आवाजाला कसं वागतं ते बघ. जेवताना भांड्याजवळ कोणी आलं तर गुरगुरतं का, तेही सांभाळणाऱ्याला विचारून घे. पसंत पडलं तरी त्याच दिवशी आणू नका, एक रात्र मध्ये जाऊ दे. आणि आणण्याआधी त्याच्या लशीच्या कार्डाचा फोटो मला पाठव. दोन्ही बाजूंचा.

ताईला नमस्कार, रेवाला पापा.

तुझी,
वसुधामावशी