उपस्थात्याचे चार गुण आणि परिचर्येचे प्राथमिक ज्ञान

चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार याप्रमाणे एकूण सोळा गुण तेथे वर्णिले आहेत. भिषक् आणि द्रव्य यांविषयी आपण पुष्कळ चर्चा करतो. उपस्थात्याविषयी मात्र क्वचितच. परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांना शिकविणाऱ्या वैद्यांना उपयुक्त ठरावी, अशी त्या पादाची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे चार गुण होत. सुश्रुताचार्यांनीही परिचारक स्नेहयुक्त, किळस न करणारा, बलवान, न थकणारा आणि वैद्याच्या सूचनेप्रमाणे वागणारा असावा, असे म्हटले आहे. आधुनिक परिचर्याशास्त्राचा पाया फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकात घातला. स्वच्छता आणि सूक्ष्म निरीक्षण यांवर त्यांचाही भर होता.

१. शौच

रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर, जखम हाताळण्यापूर्वी आणि मलमूत्र, रक्त यांचा संपर्क आल्यावर हात धुणे अनिवार्य आहे. साबण व पाण्याने हात धुण्यास एकंदर ४० ते ६० सेकंद द्यावेत. बोटांच्या बेचक्या, अंगठा व नखांचा भाग बहुधा सुटतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती तत्काळ सुया टाकण्याच्या पंक्चररोधक डब्यात टाकावी.

२. उपचारज्ञता

विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वसन १२ ते २० आणि शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस (९८.६ फॅ.) असते. श्वसन पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय बालकांच्या बाबतीत विशेष घातक ठरते. बालक शांत असताना, त्याच्या छाती-पोटाच्या हालचालीकडे पाहून मोजावे. दोन महिन्यांखालील बालकात ६०, दोन ते बारा महिन्यांच्या बालकात ५० आणि एक ते पाच वर्षांच्या बालकात ४० किंवा त्याहून अधिक श्वसनगती ही जलद समजावी.

३. दाक्ष्य

दाक्ष्य म्हणजे योग्य काम योग्य वेळी करणे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस सामान्यतः दर दोन तासांनी बदलावी; माकडहाड, टाचा व नितंब येथील त्वचा रोज पाहावी. दाबल्यावरही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण होय. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाचही गोष्टी पडताळाव्यात. दिलेले औषध लगेच लिहावे. न दिलेले कधीही लिहू नये.

४. अनुराग

अनुराग म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. वेदना सांगणाऱ्या रुग्णावर विश्वास ठेवणे, हा त्याचा गाभा आहे.

गोंदिया जिल्ह्यातील एक उदाहरण

पूर्व विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे गोंदिया जिल्ह्यातही सिकलसेल आजाराचे रुग्ण आढळतात. सालेकसा किंवा देवरीच्या बाजूच्या एखाद्या गावातून बालक हातापायांच्या दुखण्याची तक्रार घेऊन येते, असे समजू. संधिशूल व ज्वर पाहून आमवाताचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, आणि आमवाताच्या चिकित्सेचा आरंभ लंघनाने होतो. परंतु सिकलसेलच्या रुग्णात शरीरातील जलांश घटला की तांबड्या पेशींना विळ्याचा आकार येण्याची प्रवृत्ती बळावते आणि वेदनेचा झटका वाढतो. म्हणजे एका व्याधीतील हितकर उपचार दुसऱ्यात अपाय करतो.

हा भेद करण्यास परिचारिकेचे निरीक्षण साहाय्यभूत होते. डोळे पिवळसर आहेत काय? नखे व जीभ फिकट आहेत काय? भावंडांना असाच त्रास आहे काय? असे आढळल्यास वैद्यास तत्काळ सांगावे, म्हणजे विद्राव्यता चाचणी व इलेक्ट्रोफोरेसिस यांसाठी रुग्णास पाठविता येईल. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियानाचाही प्रारंभ झाला आहे.

निदान झालेल्या रुग्णास पुरेसे पाणी द्यावे, थंडीपासून जपावे आणि वेदनेची तीव्रता नोंदवावी. तापात पाणी तोडण्याची काही घरांतील रूढी येथे नातेवाइकांना समजावून मोडावी लागते. चरकाचार्यांनीही ज्वरातील तृष्णेसाठी मुस्ता, पर्पट आदी सहा द्रव्यांनी सिद्ध केलेले षडंगपानीय सांगितले आहे, हा दाखला त्या प्रसंगी उपयोगी पडतो.

या रुग्णांची प्लीहा लवकर निकामी होत असल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो. म्हणून ३८.५ अंश सेल्सिअस (१०१.३ फॅ.) किंवा अधिक ताप, छातीत दुखणे, जलद श्वसन, अचानक वाढलेला फिकेपणा, पोटाच्या डाव्या बाजूस फुगवटा, अथवा अवयवात लुळेपणा यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णास रुग्णालयात हलवावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये. सोबत तापमान, नाडी, श्वसन, दिलेली औषधे व त्यांच्या वेळा यांची चिठ्ठी द्यावी. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी दूरच्या गावातून तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ धरूनच हा निर्णय करावा लागतो.

वैद्य रुग्णाजवळ काही मिनिटे असतो. रात्र उपस्थात्याच्या डोळ्यांसमोर जाते. त्याने जे पाहिले नाही किंवा लिहिले नाही, ते वैद्यास कळत नाही. सोळा गुणांत या पादाचे चार गुण समान मानाने मोजले गेले, त्यामागचे व्यावहारिक कारण हेच म्हणता येईल.

स्वाध्याय

१. तीन वर्षांच्या बालकाचे श्वसन मिनिटाला ४४ आहे. आपण वैद्यास काय कळवाल?
२. शय्याव्रणाची पहिली खूण कोणती, व ती कोठे पाहाल?
३. संधिशूल असलेल्या बालकास लंघन देण्यापूर्वी कोणती निरीक्षणे नोंदवाल, आणि का?