बांधापर्यंत जाणारी गाडी

राहायला नेरूळला आणि शेती पनवेलच्या पुढे, नेरे-धोदाणीच्या अंगाला, माथेरानच्या पायथ्याशी. वडिलोपार्जित अडीच एकर आहे. खाली भाताची खाचरं, वर वरकस तुकड्यावर आंबे, कडेला भाजीचा मांडव, गोठ्यात दोन म्हशी आणि हे सगळं सांभाळणारं गावातलं एक जोडपं. नवी मुंबईत अशा अर्ध्या शेतकऱ्यांना तोटा नाही. शनिवारी सकाळी खारघर-बेलापूरहून रोपं, पाइप आणि खताच्या गोणी कोंबून कर्जत, खालापूर, पेणकडे निघालेल्या गाड्या पाहिल्या की एकमेकांची ओळख पटते. त्यांतले बरेच जण मला एकच विचारतात: शेतावरच्या कामाला गाडी कुठली घेऊ? त्यांना तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. क्रम मात्र सोडू नका, शोरूममध्ये तो नेमका उलटा लावतात.

१. आधी वाट मोजावी.

डांबरी रस्ता संपतो तिथपासून बांधापर्यंत टेप घेऊन चालत जायचं. वाटेची सरासरी रुंदी काही कामाची नाही, सगळ्यात अरुंद जागा शोधायची. ती बहुतेक मोरीवर असते, दोन घरांच्या कोपऱ्यात असते किंवा कुणीतरी गेल्या वर्षी रोवलेल्या कुंपणाच्या खांबापाशी असते. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती साधारण दीड मीटर रुंद आहे, बोलेरो पिकअप १.७ मीटरच्या आसपास. आरसे वेगळे. कागदावर हा फरक एका वितीचा दिसतो, मोरीवर मात्र चाक आत की बाहेर हे तीच वीत ठरवते. त्यानंतर गाडी वळवायला जागा आहे का ते पाहायचं. लांब हौद्याची पिकअप शेतात पोचली आणि वळू शकली नाही, तर भरलेली गाडी चढावर रिव्हर्स घेत डांबरीपर्यंत आणावी लागते. हे काम रोजचा चालकसुद्धा आनंदाने करत नाही.

आणि वाट कुणाची आहे? शेजाऱ्याच्या बांधावरून आजवर बैलगाडी गेली म्हणून उद्या पिकअपही जाईल, असं गृहीत धरू नये. बैलगाडी सुगीत चार फेऱ्या मारायची, गाडी दर आठवड्याला जाणार. बांध खचला की सलोखा खचतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदार शेताच्या हद्दीवरून वाट देऊ शकतात. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण ही दोन्ही कामं तारखांवर चालतात. शेजाऱ्याशी आधी बोलून, मोरीत दोन पाइप आपल्या खर्चाने टाकून देणं स्वस्त पडतं. आमच्या शेजारचे नाना पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गाडी काय, कुणीही घेईल. वाट कुठाय ते सांग." गाडीविषयी इतकं नेमकं मला कुठल्याच विक्रेत्याने सांगितलं नाही.

२. गाडी आठ महिन्यांची घ्यावी.

शहरातल्या माणसाच्या डोक्यात शेतावरच्या गाडीचं चित्र पावसाळ्यातलं असतं. चिखल उडतोय, चाकं फिरतायत, गाडी खाचरातून बाहेर येतेय. जाहिरातींनी ते पक्कं केलं आहे. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत खाचरात कुठलीच गाडी जात नाही, जाऊही नये. आवण डोक्यावरून जातं, युरियाची गोणी खांद्यावरून जाते, गाडी डांबरीच्या कडेला आंब्याखाली उभी राहते.

गाडीचं खरं काम सुरू होतं ते भात कापल्यावर. नोव्हेंबरात झोडणी आटोपली की भात गिरणीत न्यायचं, पेंढा घरी आणायचा. भात निघालेल्या ओलीवर वाल टाकलेला असतो, मांडवावर तोंडली-कारली धरतात, त्यांची आठवड्याला एक-दोनदा पनवेलला खेप. फेब्रुवारीपासून शेणखत ओढायचं आणि राबासाठी पालापाचोळा. मार्च ते मे आंब्याचे क्रेट आणि विहीर तळाला गेली की पाण्याचे ड्रम. वहीत बारा महिने लिहून प्रत्येकापुढे काय वाहायचं आणि कुठून कुठे, एवढंच मांडून पाहा. बहुतेकांच्या यादीत चिखलाचा महिना रिकामा निघतो आणि चिखलासाठी मोजायचे ठरवलेले दोन-तीन लाख वाचतात.

३. टनावर जाऊ नये, मालाच्या आकारावर जावं.

पेंढा वजनाला हलका आणि जागेला भारी. शेणखत त्याच्या उलट, ओलं असलं तर फाळक्याच्या निम्म्यापर्यंत भरलं तरी पाटे बसतात. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे दोनशे किलो. असे चार ड्रम छोट्या हत्तीवर चढवले की त्याची ७५० किलोच्या आसपासची क्षमता ओलांडली गेली, शिवाय वळणावर पाणी हेलकावतं ते निराळंच. ड्रम पाऊण भरून नेण्यात काटकसर नाही, उलट अर्धवट भरलेला जास्त हलतो. तो काठोकाठ भरून, झाकण आवळून, हौद्याच्या पुढच्या बाजूला बांधावा आणि एका खेपेला तीनच न्यावेत.

आंब्याला वजनापेक्षा धक्क्याची काळजी. पिकअपचे पाटे दीड टनासाठी बनवलेले असतात. त्यावर शंभर-दोनशे किलो आंबा ठेवला की गाडी रिकामी असल्यासारखी उडते आणि तळातली फळं वाशीला पोचेपर्यंत डागतात. कमी माल न्यायचा तर कमी क्षमतेची गाडी मऊ चालते. क्रेटखाली पेंढ्याचा जाड थर घातला की बराच फरक पडतो, आणि पेंढा घरचाच असतो.

४. नांगरणी-चिखलणीसाठी मशीन भाड्याने आणावं.

मशागतीचं काम मालवाहू गाडीच्या हिशोबात धरूच नये. आमच्याकडच्या खाचरांत पॉवर टिलर चालतो, कारण तो बांधावरून उतरवता येतो आणि कोपऱ्यात वळतो. गावात तो तासावर मिळतो. मिनी ट्रॅक्टरही आता बरेच आहेत. महिंद्राचा युवराज, कुबोटाची निओस्टार मालिका, २०२१ साली आलेला स्वराज कोड हे सगळे बागेच्या ओळींतून जाण्याइतके अरुंद. पाच-सहा एकरांची सलग बाग असेल, फवारणी आणि आंतरमशागत सतत चालू असेल, तर मिनी ट्रॅक्टर घरचा असावा. महाडीबीटीवर अर्ज केला तर टिलर-ट्रॅक्टरला अनुदान मिळू शकतं. मात्र पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची, आधी बिल फाडलं की हक्क गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तरीही अडीच एकरांत तो वर्षातले बहुतेक दिवस ताडपत्रीखाली झोपतो, आणि झोपलेल्या मशीनच्या वायरी उंदीर आधी खातात.

५. ट्रॅक्टर-ट्रॉलीने शहर गाठायचा विचार सोडावा.

ट्रॉली शेतात राजा आहे. दगड, माती, शेणखत, काहीही टाका. पण आमचा माल शेवटी वाशीच्या किंवा पनवेलच्या बाजारात जातो आणि मधे सायन-पनवेल महामार्ग आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर आणि तीनचाकीला मज्जाव आहे, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूवरही तसंच. कळंबोलीच्या चौकात पहाटे कंटेनरच्या रांगेत ट्रॉली घेऊन उभं राहायची हौस कुणाला असेल तर असो. ज्यांचा माल गावातच विकला जातो त्यांना हा मुद्दा लागू नाही, त्यांनी ट्रॉली जरूर घ्यावी.

६. फोर बाय फोर.

वाट चढाची आणि कच्ची असेल तर उपयोग आहे, नाहीतर टायर आणि डिझेल वाया. मागची चाकं ओढणारी रिकामी पिकअप ओल्या चढावर जागीच फिरते, भरलेली तीच गाडी सरळ चढते. हौद्यात मागच्या धुरेवर वाळूच्या तीन-चार गोणी टाकल्या की नव्वद टक्के अडचण सुटते. परदेशात शेतावर चारचाकी मोटरसायकलीसारखी यंत्रं वापरतात, ती इथे फार्महाउसवाल्यांकडे दिसतात. मजेदार आहेत. रस्त्यावर आणायची तर नोंदणीचा प्रश्न येतो.

७. लहान गाडीला कमी लेखू नये.

टाटा एस मे २००५ मध्ये आली तेव्हा तिच्यात दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं डिझेल इंजिन होतं आणि ताकद सोळा अश्वशक्तीची. लोकांनी लगेच छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली. त्याआधी तीनचाकी टेंपो किंवा थेट मोठा ट्रक, मधे काही नव्हतं. ही जागा जपानने फार आधी ओळखली होती. तिथल्या छोट्या ट्रकांच्या वर्गाला कायद्यानेच मर्यादा आहे: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि माल ३५० किलो. एवढ्या गाडीवर भातशेतीच्या अरुंद वाटांवर जपानी शेतकऱ्यांची पिढी निघाली. होंडाने तर त्यातल्या एका गाडीला शेतात मुंगीच्या पावलाने चालण्यासाठी खास खालचा गिअर दिला होता. आपली भातखाचरं आणि त्यांची यांत फारसा फरक नाही.

माझ्याकडे छोटा हत्तीच आहे. त्याची बारा इंची चाकं हा खरा तोटा. बैलगाडीच्या चाकोरीत ती अडकतात, तिथे पंधरा इंची चाकांची पिकअप निर्धास्त जाते. म्हणून दरवर्षी दिवाळीआधी चाकोरी मुरमाने भरून घेतो. आठवड्याला टनाच्या वर माल असेल, घाट चढायचा असेल किंवा वर्षभर कुणाचा तरी माल भाड्याने वाहायचा बेत असेल, तर पिकअपच घ्यावी.

८. इंधन वापरावरून ठरवावं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ सलग, वेगात चालावं लागतं. गोठा ते गिरणी, गिरणी ते घर अशा तुटक फेऱ्यांवर ती तुंबते आणि दिवा लागतो. गाडी कायम गावातच राहणार असेल तर पेट्रोल बरं. नवी मुंबईहून ये-जा असेल तर डिझेललाही महामार्ग मिळतो. सीएनजी स्वस्त खरा, पण टाकीच्या वजनाने मालाची क्षमता घटते आणि पंपावर रांग. रांग लावायची तर जाताना लावावी, परतताना भाजी सुकते. बॅटरीवरच्या गाड्या रोजच्या ठरलेल्या फेरीला उत्तम. पावसात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात रात्री चार्जिंगला लावून सकाळी बाजार गाठायचा, हे धाडस मी करणार नाही.

९. कागद आणि माणसं.

पिकअप किंवा छोटा हत्ती घरच्या भाजीसाठी घेतला तरी नोंदणी मालवाहू म्हणून होते, पाटी पिवळी लागते. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, पुढे दरवर्षी. गाडीचं मालासकट वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार परमिट लागत नाही. पिकअपचे काही प्रकार ती रेघ ओलांडतात, म्हणून पावती फाडण्याआधी हा एक आकडा विचारावा. परवान्याची भीती मात्र आता नको. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने कायम केलं.

जुनी गाडी घेत असाल तर ती आजवर कुठे राबली ते विचारा. उरण किंवा पनवेलच्या खाडीकाठी, खारजमिनीच्या बांधांवर किंवा मासळीच्या धंद्यात राबलेली गाडी वरून रंगवून चकचकीत करतात. हौद्यातली रबरी चटई उचलायची, खाली वाकून चेसीवर पान्याने ठोकायचं. आवाज बद्द आला की चहा पिऊन परत यायचं.

आणि हौद्यात माणसं बसवायची नाहीत. सुगीत हा मोह सगळ्यांना होतो. दिवसभर कापणी झाल्यावर वाडीवरच्या बाया भाऱ्यांवर चढून बसतात, आपणही गाडी सोडतो. मालाबरोबर असलेल्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्यात धरतात, कायद्यात तशी दुरुस्ती १९९४ मध्येच झाली. काम संपवून फुकट घरी निघालेल्यांना ते संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. एकदा गाडी उलटली तर भरपाई शेत विकून द्यावी लागेल, आणि गेलेलं माणूस त्यानेही परत येत नाही. म्हणून मजुरांसाठी मी मिनिडोर रिक्षा लावतो. भाडं त्यांच्या हातात न देता थेट मिनिडोरवाल्याला देतो. हातात दिलं की ते वाचवायला सगळ्या पुन्हा हौद्याकडे बघायला लागतात.