भोक पाडण्याआधी

फॉल्स सीलिंग करणारा पीओपीवाला तुला कागदावर खोलीचा चौकोन काढून त्यात सारख्या अंतरावर दिव्यांचे आठ-दहा गोल आखून देईल. तो कागद आधी बाजूला ठेव, पोरी. छताकडे बघत बसणारं घरात कुणी नसतं. सोफ्यावर बसणारे, ओट्याशी उभे राहणारे, पलंगावर आडवे होणारे असतात. म्हणून पलंग, सोफा, ओटा, देव्हारा कुठे येणार ते आधी खडूने जमिनीवर आख, आणि मगच मान वर कर.

पहिल्यांदा पंख्याची जागा बघ. 48 इंची पंख्याच्या पात्याचं टोक मध्यापासून दोन फुटांवर फिरतं. दिवा छतात, पाती त्याच्या खाली. उजेडाच्या वाटेत पातं आलं की भिंतीवर सावल्या लपकायला लागतात आणि थोड्याच वेळात डोकं उठतं. पाती छतापासून फूटभर खाली असतील आणि दिव्याचा कोन 60 अंशांचा असेल, तर पात्यांच्या पातळीला पोचेपर्यंत उजेड चहूबाजूंनी सात-सात इंच पसरतो. त्यामुळे पंख्याच्या मध्यापासून तीन फुटांच्या आत भोक नको. चपट्या पॅनेल लाइटचा उजेड आणखी पसरट असतो, तो चार फूट लांब ठेव. पंखा आणि दिवे एकाच वेळी चालायचे आहेत, हे कागदावर आखणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

स्वयंपाकघरात लोक सर्रास खोलीच्या मधोमध दिवे लावतात. मग ओट्याशी उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि स्वतःची सावली बरोबर सुरीखाली. ओटा दोन फूट रुंद असतो, वरची कपाटं फूटभर पुढे येतात. दिव्यांची रांग भिंतीपासून पावणेदोन ते दोन फुटांवर घे, म्हणजे उजेड कपाटाच्या दारावर न अडता हातावर पडेल. तांदूळ निवडताना, कोथिंबीर बघून घेताना फरक कळेल.

झोपायच्या खोलीत उशीच्या वर एकही दिवा नको. पाळणा असेल तर त्याच्या वरही नको, तान्ह्या बाळाला कूस बदलता येत नाही. तुझी आई आता तुझ्याकडे राहायला येणार, तिचा विचार कर. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. म्हणजे त्यांना उजेड जास्त हवा, पण चकाकी मात्र जास्त खुपते. यावर उपाय म्हणजे ज्याचा प्रकाशाचा भाग रिंगच्या आत खोल गेलेला असतो तो दिवा. दुकानदार त्याला अँटी-ग्लेअर म्हणतात. थोडा महाग पडतो, पण आईच्या खोलीत तोच लाव.

किती दिवे लागतील याचा हिशोब वॉटवर करू नकोस, खोक्यावरचे ल्युमेन वाच. 10 बाय 12 ची खोली म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. बैठकीला 150 लक्स, म्हणजे चौरस मीटरला 150 ल्युमेन, धरले तर 1650 ल्युमेन झाले. भिंती, पडदे, सामान निम्मा उजेड खातात, म्हणून दुप्पट धर. 7 वॉटचा चांगला दिवा 600 ते 700 ल्युमेन देतो, तेव्हा पाच दिवे पुरतात. दहा लावलेस तर निम्मे कायम बंद राहतील. रंग म्हणशील तर बैठक, झोपायची खोली आणि देव्हाऱ्याला 3000 केल्विन, ओट्याला 4000. तो 6500 वाला पांढराफटक घरात आणूच नकोस, रात्री त्याच्या उजेडात कुणालाही निवांत वाटत नाही. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो 80 च्या खाली नको. ओट्याला आणि आरशाला 90 मिळाला तर उत्तम. दुकानात पेटत्या दिव्याखाली आपला तळवा धरून बघ. राखट दिसला तर तो दिवा परत दे.

दिव्याबरोबर येणाऱ्या डबीकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, कुणी बघत नाही. दिवा बहुधा आधी तिथेच मरतो. आतला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुमचा मजला वरचा, उन्हाळ्यात स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला असणार. तेव्हा स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामध्ये निदान चार इंच पोकळी सोडायला सांग. ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर टेकू देऊ नकोस, बाजूला सरकवून ठेव. त्यावर बीआयएसचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघून घे.

फॉल्स सीलिंगचा बोर्ड ठोकण्याआधी प्रत्येक खोलीच्या छताचे फोटो काढ आणि त्यात टेप धरून लोखंडी चॅनेलची मापं दिसू देत. नाहीतर भोक पाडायचा होल सॉ नेमका चॅनेलवर येतो, भोक सरकवावं लागतं आणि रांग वाकडी होते. प्रत्येक पॉइंटला फूटभर वायर जास्त सोडून घे, म्हणजे उद्या दिवा खाली ओढून बदलता येईल. भोकाचं, म्हणजे कटआउटचं, माप खोक्यावरचंच घ्यायचं, अंदाजाने तीन इंच नाही. भोक थोडं जरी मोठं झालं तरी रिंगची कड ते झाकत नाही. जोड कनेक्टरमध्येच हवेत, नुसत्या टेपवर भागवू देऊ नकोस. बाथरूमसाठी पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारा, आयपी 44 लिहिलेला दिवा मागून घे.

काम चालू असताना नुसतं बटण बंद करून कुणालाही वर हात घालू देऊ नकोस. एमसीबी पाडायचा आणि टेस्टर लावून बघायचं. काही घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं, तिथे बटण बंद असतानाही वर फेज जिवंत असते. काम झाल्यावर रात्री सगळं बंद करून अंधारात छताकडे बघ. एखादा दिवा मिणमिणत असेल तर बटण न्यूट्रलवर असल्याचा संशय घे आणि वायरमनला पैसे देण्याआधी ते उघडून दाखवायला सांग. बटणावर लहानसा इंडिकेटर असेल तर त्यामुळेही मिणमिणतं, ते वेगळं.

सगळे दिवे एका बटणावर नकोत. बैठकीत भिंतीकडचे वेगळे, मधले वेगळे. डिमर हवा असेल तर ड्रायव्हरही डिमिंगचाच घ्यावा लागतो, साध्यावर दिवा फडफडतो. आणि सगळे दिवे एकाच वेळी, एकाच खेपेतले घे. दोन दिवे जास्तीचे, ड्रायव्हरसकट, घेऊन ठेव. काही वर्षांनी तेच माप आणि तीच छटा बाजारात मिळेलच असं नाही. खोक्यावर मार्करने कटआउटचं माप, केल्विन आणि दुकानाचं नाव लिही, बिल आतच ठेव.